आत्याची चादर

हसायचं तर हसा, पण हे घडलंय. नेपल्समध्ये, आमच्या सानिता वस्तीत, सोळा ऑगस्टच्या भर दुपारी. जिच्या घरी घडलं ती नुन्झिया माझी सख्खी आतेबहीण.

आमच्याकडे माणसाला दोनदा निरोप देतात. दोनेक वर्षांनी थडगं उघडायचं. घरच्यांनी हाडं स्पिरिटने पुसायची, चादरीत गुंडाळून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची. त्यासाठी आत्याने स्वतःच्या हाताने एक चादर सुईदोऱ्याने भरून ठेवली होती, निळ्या फुलांची.

थडगं उघडलं. आत्या अजून... सुकली नव्हती.

नुन्झियाने तोंड फिरवलं. शी! जन्मदात्या आईची किळस आली, म्हणून स्वतःचीही किळस आली.

"परत माती देऊ, ताई," चिरो म्हणाला. थडगी खणायचं काम त्याचंच. "सहा महिन्यांनी या."

"आजच उरक रे बाबा! मला पुन्हा हे बघवणार नाही."

बाजारातली एक स्वस्त चादर त्याच्या अंगावर टाकून ती पळाली. भरलेली चादर असल्या घाणीत कशाला घालवायची? ती तिने आत्याच्या पलंगावर अंथरली. ती खोली आता शहर बघायला येणाऱ्यांना भाड्याने जायची.

आठवड्याने, सोळा ऑगस्टच्या त्या दुपारी, डेन्मार्कची पाहुणी, इंगा, स्वयंपाकघरात आली.

"तुमच्या आई फार प्रेमळ आहेत हो."

नुन्झियाच्या हातातला टोमॅटो तसाच राहिला.

"कोण?"

"त्या म्हाताऱ्या बाई. रोज पलंगावर बसून चादरीवरून हात फिरवतात. फक्त... हात ओले असतात त्यांचे. आणि तो वास..."

नुन्झिया खोलीत गेली. गल्लीतल्या स्कूटरींचा आवाज एकदम थांबला.

टप...

टप...

पलंगाखाली थेंब पडत होते. चादरीवर कुणीतरी बसल्यासारखा पिवळट, चिकट डाग होता. तिने बोट लावलं.

कोमट होता.

ती भडाभडा ओकली. मग तीच चादर उराशी धरून दफनभूमीत धावली. चिरोने कोनाडा उघडला.

आत हाडं होती. कोरडी, लख्ख पुसलेली.

"छान पुसलीस रे," ती रडत म्हणाली.

"मी?" चिरोचा चेहरा पांढरा पडला. "मी तर ओलंच गुंडाळलं होतं, ताई."

तिने हाडं आईच्या चादरीत गुंडाळली. त्यानंतर कुठल्याच पाहुण्याला कुणी दिसलं नाही.

पण नुन्झियाचे हात तेव्हापासून कोरडे होत नाहीत. कितीही पुसा.

गेल्या रविवारी तिने मला जेवायला वाढलं. ताटाच्या कडेवर काहीतरी चिकट लागलं होतं... मी ताट हळूच बाजूला सारलं.

ते तिने पाहिलं. आणि ती पुन्हा हात पुसू लागली.