समरकंदच्या मकबऱ्यातला पुसलेला फोटो

पटो न पटो, हे माझ्याच बाबतीत घडलंय. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, समरकंदच्या एका प्रसिद्ध मकबऱ्यात, संध्याकाळी बंद व्हायच्या वेळेला.

मी तिथे राखणीला बसते. बावीस वर्षं झाली. कबरीच्या दालनात फोटोला बंदी आहे. दिवसभर तेच सांगून घशाला कोरड पडते. लोक या कानाने ऐकतात, त्या कानाने सोडून देतात. कुणी काढलाच तर फोन मागायचा, फोटो पुसायचा, फोन परत द्यायचा. वीट आलाय.

त्या दिवशी पाय भरून आले होते. मनही थाऱ्यावर नव्हतं. माझा मुलगा शुहरत रशियात बांधकामावर गेलेला. चार महिने त्याचा फोन नव्हता.

शेवटी एकच मुलगी उरली, फरगान्याची. ती दालनात शिरली आणि...

आत कुणीतरी खोकलं.

पुरुषाचा खोकला.

मी गुडघे धरत दारातल्या खुर्चीवरून उठले. मुलीने घाईने फोन मागे लपवला.

"पोरी, पाटी वाचता येत नाही होय?"

"खाला, एकच काढला हो! आईला दाखवायला."

"सगळ्यांनाच आया असतात. आण इकडे."

"घ्या. तसाही बिघडलाय. ते दादा मध्येच येऊन उभे राहिले."

"कुठले दादा?"

तिने वळून पाहिलं...

दालन रिकामं होतं. दार एकच, आणि त्यात मी उभी.

मी फोन हातात घेतला. बोटाने सवयीने फोटो पुसला. आणि मग डोळ्यांनी काय पाहिलं ते डोक्यात शिरलं.

कबरीपाशी शुहरत होता.

दुआ मागायला दोन्ही हात पसरलेले. अंगात निळं जाकीट. फाटक्या खिशावर मीच घातलेले काळे टाके.

मी भिंतीला टेकले.

"खाला, पांढऱ्याफटक पडलात! बसा, पाणी देऊ?" ती माझा हात चोळत होती. "ओळखीचे होते का? पुसलेला फोटो परत आणता येतो. आणू?"

तिने माझ्या हातातून फोन घेतला होता, बोट त्यावर थांबलं होतं.

"नको," मी म्हणाले. "जा तू. बंद करायचंय."

वर्ष झालं. शुहरतचा फोन आलेला नाही. दालनात कुणी फोन वर केला, की मी पूर्वीपेक्षा जोरात ओरडते. सोबतच्या बायका म्हणतात, म्हातारी खाष्ट झाली.

म्हणू देत. फोटो नाही, तोवर माझा मुलगा रशियातच आहे.