वैजूचा घास

अमरावतीच्या त्या पोषणविज्ञान संस्थेत प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नव्हती. एका टोकाला मेंदूतील हालचाली दाखवणारा पडदा, दुसऱ्या टोकाला शेगडीवर मऊ भात, आणि मध्ये डॉ. मुकुंद ढोके. भात लागल्याचा वास मात्र त्यांना नेहमी सगळ्यांत शेवटी यायचा.

त्यांनी तयार केलेल्या पदार्थाचं नाव 'संधिपोषक'. दिसायला ती साधी जवसाची चटणी होती, आणि चवीलाही जवळपास तशीच. त्यांची सहकारी डॉ. वैजयंती खानझोडे हिला त्यांनी आरंभीच समजावलं होतं.

"जवस, अक्रोड, मासे, पालेभाज्या यांतून मेंदूला बांधकामाचं सामान मिळतं. पण सामान येऊन पडलं म्हणजे घर होत नाही. ते कुठं लावायचं हे गवंड्याला कळायला हवं. संधिपोषक तेवढंच काम करतं. घास खाताना मेंदूतल्या ज्या जोडण्या जाग्या असतील, त्याच पक्क्या होतात."

"आणि खाताना माणूस मालिका बघत असेल तर, सर?"

"तर त्यातली सासू पक्की होईल."

म्हणून नियम असा ठरला, की विस्मरणाच्या रुग्णानं चटणी-भात चमच्यानं खायचा आणि त्या वेळी समोरच्या पडद्यावर त्याच्या माणसांचे चेहरे, नावांसह, दाखवायचे.

या रुग्णांत वैजयंतीची आईही होती. सुलोचनाबाईंनी मोर्शीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं होतं. पाढे अजून पाठ होते, मुलगी मात्र पुसली गेली होती. वैजयंती पाणी घेऊन गेली, की त्या अदबीनं विचारत, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" आईनं आपल्याला अहोजाहो करावं, हे वैजयंतीला कशाहूनही जड जाई. बाकी काही आठवलं नाही तरी चालेल, एकदा 'वैजू' म्हणावं, एवढ्यासाठी तिनं आईला प्रयोगात घेतलं होतं.

पावसाळा सरला आणि प्रयोगाची फळं दिसू लागली. एका आजोबांनी नातवाला नावानं हाक मारून केस कापायला सांगितलं. सुलोचनाबाईही एका दुपारी वैजयंतीकडे बघून ओळखीचं हसल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की ढोकेंनी हातातला डाव खाली ठेवला.

"आई," त्या म्हणाल्या, "आज उशीर केलास गं."

वैजयंतीनं ताट वाढलं.

ढोकेंनी सुलोचनाबाईंच्या डोक्यावर मेंदूदर्शक टोप चढवला. "या मुलाला शिक्षा केली आहे का?" सुलोचनाबाईंनी विचारलं. "सारखा उभाच असतो." ढोके मुकाट्यानं बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. वैजयंतीच्या चेहऱ्याची जोडणी इतर कोणत्याही रुग्णात दिसली नव्हती इतकी दणकट झाली होती. फक्त तिचं दुसरं टोक भलतीकडे गेलं होतं, थेट सुलोचनाबाईंच्या लहानपणात.

"तुझी आई चमच्यानं खाते ना?" ढोकेंनी विचारलं.

"चमचा बघितला की तोंड मिटते, सर. औषध वाटतं तिला. मी भरवते हातानं. हा घास चिऊचा, हा घास काऊचा, असं करत."

"हे मला का सांगितलं नाहीस?"

वैजयंतीला खरोखरच नवल वाटलं. "आईला घास भरवला, यात सांगायचं काय?"

ढोके चष्मा पुसत बसले. मग त्यांनी सावकाश सांगितलं, की घास भरवणारा हात आला की सुलोचनाबाईंच्या मेंदूत जो हात जागा होतो तो त्यांच्या आईचा, आणि आपण रोज तोच पक्का केला. पडद्यावरचे फोटो त्यांनी बघितलेच नसणार. चटणी बंद करून ही जोडणी सैल होऊ देता येईल, पण तोवर त्यांना कोणीच ओळखीचं राहणार नाही, आणि या वयात पुन्हा नव्यानं बांधता येईलच असं ते म्हणू शकत नव्हते.

"राहू द्या, सर," वैजयंती म्हणाली. "निदान परकी तरी नाही मी तिला." मग ती म्हणाली, "गंमत म्हणजे, तिनं आई म्हटलं की मी लगेच ओ देते. मला चुकल्यासारखंही वाटत नाही."

ढोकेंचा हात चष्म्यावर थांबला. "तूही खातेस की काय चटणी?"

"एकच घास. त्याशिवाय ती खायलाच तयार नसते. चिऊचा तिचा, काऊचा तिचा, आणि वैजूचा मी खायचा. तो मी खाते तेव्हा ती घास चावायची थांबून बघत राहते."

"बघत राहते," ढोके म्हणाले. "म्हणजे तेही पक्कं झालं असणार. घास भरवते ती आई. आणि वैजूचा घास खाते ती..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. चुकीची आशा दाखवायला ते फार घाबरत. "आपण तिला ओळखीचे प्रश्न विचारले ते नेहमी ताट उचलल्यावर, वैजयंती. आज तू भरवू नकोस. ताट तिच्या पुढ्यात ठेव, आणि तू नुसती बस."

वैजयंती हात मांडीवर ठेवून आईसमोर बसली. सुलोचनाबाईंनी वाट पाहिली. कोणी भरवत नाही म्हटल्यावर त्यांनी बोटांनी भात कालवला, चटणी लावली आणि एक घास ताटाच्या कडेला वेगळा काढून ठेवला.

"हा वैजूचा," त्या स्वतःशी पुटपुटल्या.

वैजयंतीनं तोंड उघडलं. एरवी ढोकेंसमोर ती लाजली असती.

सुलोचनाबाईंचा हात जरा घुटमळला. मग त्यांनी तो घास उचलला, त्यावर फुंकर घातली, लेकीच्या तोंडात दिला आणि ती चावेपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या.

"हळू खा, वैजू," त्या म्हणाल्या. "ठसका लागेल. किती वाळलीस गं."

वैजयंतीला घास गिळवेना. गिळला की वैजू पुन्हा पुसली जाईल, हे तिथं बसलेल्या दोन शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. शेवटी तो गिळला गेलाच. सुलोचनाबाईंनी बोटं निरपली, रिकाम्या कडेकडे पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटू लागली.

ढोके घाईनं उठले आणि आणखी भात घेऊन आले.