मागे डबा नव्हता

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेली, त्याने स्वतः मान खाली घालून सांगितलेली आहे.

गेल्या वर्षीचा एक रविवार. दुपारचे चार. लख्ख ऊन.

जुनं वाफेचं इंजीन संग्रहालयात ठेवायला गावातून नेणार होते. एकटंच. मागे एकही डबा नाही.

फाटकापाशी अख्खं गाव लोटलं. याच फाटकावर मामाने तीस वर्षं नोकरी केली होती.

"तीस वर्षं गाड्याच बघितल्यात. अजून हौस फिटली नाही?" मामीने टोमणा मारला.

मामा हसला नाही. गर्दीत त्याला गार्डची बायको दिसली होती.

त्या काळी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड एकटाच असायचा. फाटक ओलांडताना तो हात दाखवायचा. फाटकवाल्याने तो पाहून वहीत लिहायचं, 'हात मिळाला.'

एका थंडीच्या पहाटे मामा शेगडीपाशीच बसून राहिला. गाडी गेली. त्याने न बघताच लिहिलं...

'हात मिळाला.'

डब्यात गार्ड नव्हताच. तो मागेच कुठेतरी पडला होता. वहीवर विश्वास ठेवून लोक दोन दिवस फाटकाच्या पलीकडे, गाडी गेली त्या बाजूला शोधत राहिले. तो सापडला फाटकाच्या अलीकडे, मैलभरावर, मेलेला. फाटकाच्या दिशेने सरपटत आलेला.

चौकशीतही मामा वहीलाच चिकटून राहिला. मग साहेबांनी ठरवलं, गार्ड फाटकाच्या पुढे पडून भ्रमात फाटक ओलांडून मागे आला असावा.

इंजीन आलं. धूर, शिट्टी, टाळ्या. गेलं. लोक पांगले.

रूळ मात्र वाजतच राहिले.

खटक्... खटक्...

"मागे डबा आहे का गं?"

"ऊन लागलंय तुम्हाला. काही नाहीये."

तेवढ्यात गार्डची बायको जवळ आली.

"भाऊ, एकदा परत सांगा ना. त्या दिवशी यांनी हात केला होता ना?"

भेटली की ती हेच विचारायची. तेवढ्यावरच तिने दिवस काढले होते.

आज खरं सांगायचंच, असं मामाने ठरवलं. तोंड उघडलं.

खटक्...

"हो वहिनी," तो म्हणाला. "हसून केला होता."

आवाज थांबला.

दूर गेला नाही. विरला नाही. अगदी त्याच्यासमोर येऊन... थांबला.

मीही गार्डच्या बायकोला अजून खरं काही सांगितलेलं नाही.

मामा आता बाजारालाही फाटक टाळून लांबच्या वळशाने जातो. मामी वैतागते, "अहो, ते इंजीन गेलं ना केव्हाच!"

"इंजीन गेलं," मामा म्हणतो. "डबा अजून फाटकातच उभा आहे."