चौकटीची उजवी बाजू

मलकापूरवाल्यांना खोटं वाटतं, पण बुलढाण्याच्या थंडीत चुलीवरचं दूधसुद्धा उतू जायचा कंटाळा करतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. त्या काळातल्या अशाच एका हिवाळ्यात चर्चच्या आवारातल्या टिनाच्या खोलीत इंद्रभान उपदेशक रविवारचा उपदेश तयार करीत बसायचा, आणि कुंपणापलीकडून रहमीम झिराडकर त्याच्या चुका काढायचे.

झिराडकर ओव्हरसिअर. घाटरस्त्याच्या कामावर आलेले, मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी, त्यांच्या विसाव्याच्या पवित्र दिवशी, हातात काडी धरायचे नाहीत, म्हणून सडकेवरचे मजूर त्यांना शनवारसाहेब म्हणत. एका शनिवारी वाऱ्याने त्यांची टोपी उडाली, तर आभाळात चांदण्या दिसेपर्यंत साहेब नुसते बघत राहिले आणि टोपी बकरीने अर्धी खाल्ली. बकरी पाहिलेली माणसं अजून आहेत.

"पाद्रीबुवा, वल्हांडणावर बोलताय ना?" ते म्हणत. "मग मिसरात मरणाच्या रात्री देव आमची घरं ओलांडून पुढे गेला, एवढंच सांगून मोकळे होऊ नका. पाखरू पिलांवर पंख धरतं ना, आमच्या इब्री शब्दात तेही आहे. पुढचं वाचा की. तो दारातच उभा राहतो, नाश करणाऱ्याला आत येऊ देत नाही. दार म्हणजे आमच्याकडे चेष्टा नव्हे."

आणि आपल्या चौकटीवर तिरकी ठोकलेली बोटभर नळी दाखवत. मेझुझा. आत चामड्यावर लिहिलेलं वचन. "घरात येणाऱ्याच्या उजव्या हाताला लावायची. आत कुठलं नि बाहेर कुठलं, ते हीच ठरवते."

दाराच्या बाह्यांवर, चौकटीच्या उभ्या लाकडांवर, वचनं लिहा, ही आज्ञा इंद्रभानने लोकांना कित्येकदा वाचून दाखवली होती. ती कोणी खरोखर पाळत असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

माघात त्याची लेक एस्तर तापली. तिच्या आधीची दोन लेकरं अशाच तापात गेली होती. चर्चमागे त्यांच्या माथ्यावर दोन धोंडे होते. डॉक्टर आला, सुया दिल्या. पुढच्या खेपेला मात्र बॅग न उघडताच बसून राहिला.

"गुरुजी, पोरीचं नाव बदला," शेजारची जनकाबाई म्हणाली. "दगडी म्हना. माह्या सासूनं नवऱ्याले ल्हानपनी उकिरड्यावर लोळवलं, म्हनून तो जगला. आता माहं डोकं खाऊन राह्यला!"

कोणी हसलं नाही.

झिराडकर तेव्हा सामान बांधत होते. म्हातारपणी इस्राएलला मुलाकडे निघाले होते. मेझुझा काढून रुमालात गुंडाळलेली होती. इंद्रभानने त्यांचे पायच धरले.

"अरे, उठ! हा ताईत नव्हे, आज्ञा आहे. तुला देता येत नाही."

"साहेब, दोन पुरले. तिसऱ्यावर माती लोटणं माह्यानं होत नाही."

म्हाताऱ्याने भिंतीकडे बघत रुमाल पुढे केला. "लक्षात ठेव. येणाऱ्याच्या उजव्या हाताला."

एवढ्या काळजीत इंद्रभानच्या डोक्यात उजवा हात तेवढा राहिला. आवारात चर्चचा पंच उत्तमराव ऊन खात बसलेला. उपदेशक गंडेदोरे बांधतो म्हणून बोंब झाली असती तर नोकरी नि खोली दोन्ही गेली असती. इंद्रभानने दार आतून लावलं, दाराकडे तोंड करून उभा राहिला, आणि चौकटीच्या उजव्या हाताच्या लाकडावर, आतल्या अंगाला, मेझुझा ठेवून खिळे ठोकले.

दिवेलागणीला ताप उतरला. त्याची बायको सत्यभामा आधी रडली, मग तिने पेज टाकली.

सकाळी अंथरूण ओलं होतं. टिनातून गळावं तर पाऊस कुठला? वाकळेच्या धाग्याधाग्यावर दव होतं. अंगण मात्र कोरडं ठणठणीत. अंगणात ठेवलेली चिमणी शांत जळायची, खोलीत आणली की फडफडायची.

जनकाबाई दूध घेऊन आली. उंबऱ्याशी येताच घराबाहेर पडावं तसा तिने डोक्यावरून पदर लपेटला, रिकाम्या अंगणाकडे वळून "येते हो" म्हणाली, आणि खोलीत शिरली. दूध ठेवताना तिचे दात वाजत होते. "घरात जाते बाई मी. इथं लई गार वारं सुटून राह्यलं," म्हणत ती अंगणात जाऊन निवांत बसली.

त्या दिवशी एस्तरने विचारलं, "बाबा, आपुन घरात कवा जायचं?"

"घरातच तर आहो बेटा."

तिने उघड्या दारातून अंगणाकडे पाहिलं, आणि मान हलवली.

दुपारी इंद्रभान मोटारस्टँडवर धावला. झिराडकरांची वळकटी टपावर चढत होती. ताप उतरल्याचं ऐकून म्हातारा खुलला. दवाचं ऐकून जवळ सरकला.

"उजव्या हाताला लावलीस ना?"

"हो जी."

"उभा कुठे होतास?"

"आतून लावली. लोकाईनं पाहू नाही म्हनून."

म्हाताऱ्याचा हात मोटारीच्या दांडीवरच राहिला. "म्हणजे तो राखणारा दारात उभा आहे रे. पण अंगणाकडे पाठ करून. तुझी खोली त्याला बाहेर वाटते. नाश करणारा त्याने खोलीतच अडवून धरलाय, तुझ्या पोरीशेजारी. त्याचा हात तिच्यावर आहे, तोवर तीही ते दार ओलांडणार नाही."

मोटार सुटली.

इंद्रभान पळत आला. दार सताड उघडं होतं.

एस्तर उंबऱ्याच्या आत उभी. पाऊल उचलायची, ते पुन्हा तिथेच पडायचं.

त्याने बाहेरून तिचा हात धरला, ओढला. ती आली नाही. मधे कुणी तळवा आडवा धरावा, तसं काहीतरी होतं. उबदार. ठाम.

त्याची बोटं आत गेली, नळीवर पडली. एक खिळा हलला.

"काढू नका!" सत्यभामा खाटेवरून ओरडली. "नळी निघाली का तेही सुटते, ते याचीच वाट पाहून राह्यलं!"

"कोन?"

तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

बोटं खिळ्यावरच थिजली.

"बाबा, घरात घ्या ना," एस्तर म्हणाली. "थंडी वाजते." आणि परक्याच्या घरी आल्यासारखं तिने उघड्या दारावर हलकेच टकटक केलं.

मग तिच्या मागून, चौकटीच्या अगदी वरच्या पट्टीवर, तितक्याच अदबीने, आणखी कुणीतरी टकटक केलं.