सातव्या दाराबाहेरचा योना

भिजलेली छत्री दारात टेकवून अंबू मिशनच्या वाचनालयात शिरली ती भांडायचं ठरवूनच. पण वाचनालय सांभाळणाऱ्या नागोजी मास्तरांच्या खुर्चीत कुणी तरुण बसला होता... आणि शहापुरात कुणाला न घाबरणारी एकोणीस वर्षांची अंबू ठरवलेलं भांडण विसरूनच गेली.

इथली रीत अशी, की नेलेल्या पुस्तकाची गोष्ट टेबलाशी सांगायची, मगच दुसरं मिळायचं.

“सांगा,” तो म्हणाला. नाव बसवंत. मास्तर आजारी, म्हणून महिनाभरापुरता आलेला; फाटकी पुस्तकं शिवत बसलेला.

अंबूनं सांगितली. एस्तेर, तिचा सोबती योना, पंखांचा घोडा, सात दारांचं सोन्याचं नगर. सहा दारं दोघांनी मिळून उघडली. आप्पांच्या हातमागाशेजारी सुताच्या कांड्या भरता भरता अंबू त्या दोघांबरोबर हिंडत होती. शेजारची मालू लग्न होऊन चिकोडीला गेल्यापासून तिला दुसरं होतंच कोण? आणि सातव्या दाराशी देवदूत म्हणतो, एकटीच आत ये.

“तर ती बया जाते हो! मागं वळूनसुद्धा बघत न्हाय.”

“स्वर्ग मिळाला की तिला.”

“लई मोठा स्वर्ग. आमचे आप्पा विणलेली साडी कापतात, तरी जुन्या ताण्याची, उभ्या सुताची, टोकं मागावर ठेवतात. नव्या ताण्याची गाठ त्यांनाच मारायची असते. ह्या लिहिणाऱ्यानं मुळापासून कापून टाकलं.” तिनं शेवटच्या पानातली आपली खुणेची हिरवी दोरी दाखवली. “दाराबाहेर योना उभा हाय. त्याचं काय?”

तो हसला, पण तिला नाही. पुढचे तीन शनिवार पुस्तकं बदलली. बोलणं मात्र फिरून योनावरच यायचं. घोडा विकून तो गावी गेला, असं बसवंत मुद्दाम म्हणायचा. आणि ती चिडली, की तिच्याकडे बघतच राहायचा...

चौथ्या शनिवारी त्यानं मान वर केली नाही. खडकीच्या कारखान्यात नोकरी लागली होती. उद्याची गाडी.

“म्हणजे तुमचं सातवं दार खडकीला,” अंबूनं हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

“मी मागं वळून बघणाराय,” तो हळूच म्हणाला.

पुढच्या शनिवारी मास्तर परतले होते. अंबूनं योनाचं तेच पुस्तक पुन्हा मागितलं. ते चकित झाले. शेवटच्या पानात तिची हिरवी दोरी तशीच होती, आणि तिच्या टोकाला गाठ मारून जोडलेला पुस्तकं शिवायचा पांढरा दोरा. विणकराला हसू यावं अशी ओबडधोबड गाठ.

अंबूनं ती ओढून पाहिली. मग आणखी जोरात.

सुटली नाही.