दुसरा सांगाडा

मारामारी शिकवण्यात मास्तरांची वीस वर्षं गेली होती. नाटकात कोणी कोणाला बदडायचं असलं की त्यांना बोलावणं यायचं. त्यांचं सगळं कसब एकाच गोष्टीत होतं: घाव कातडीच्या बोटभर अलीकडे थांबवायचा. आजवर त्यांच्या हातून कोणाला साधा ओरखडासुद्धा उठला नव्हता.

नाटकं बंद पडत गेली तेव्हा भाचीने त्यांना आपल्या कंपनीत ओढलं. "मामा, पुढचा सगळा जमाना व्हीआरचा आहे. तुझ्यासारखी माणसं यांना शोधून सापडत नाहीत." ती स्वतः तिथे उमेदवारीवर होती. हे काम जमलं की कायम होणार होती.

इस्पितळांतल्या सुरक्षारक्षकांसाठी प्रशिक्षण बनत होतं. डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला की समोर आभासी हल्लेखोर उभा. तो हल्लेखोर म्हणजे मास्तर. काळ्या भिंतींचा मोठा हॉल, छताला चोवीस कॅमेरे. अंगात घट्ट काळा पोशाख, त्यावर कॅमेऱ्यांना हालचाल टिपता यावी म्हणून बोराएवढे चमकते गोळे. हातात स्पंजचा दांडका. मास्तर रिकाम्या हवेत दांडका हाणत आणि पडद्यावर रेघांचा एक सांगाडा तसाच हाणताना दिसे. आपलीच हाडं बघून त्यांना पहिल्यांदा हसू आलं.

त्याच दुपारी भाची पडद्याजवळ वाकली. मास्तरांच्या सांगाड्याच्या पायाशी दुसरा एक सांगाडा होता. आडवा पडलेला.

"कॅमेऱ्यांना होतो असा भास कधीकधी," ती म्हणाली. "पुसून टाकते."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. दांडका वर गेला तसा त्याने डावा हात डोक्यावर आडवा धरला. घाव बसला. मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, जिथे हात कधी वाकत नाही तिथे, तो वाकला.

कंपनीचे साहेब पडद्यासमोरून हलेनात. "कसलं खरं वाटतंय! पुसू नका हं हे. आणखी घ्या."

मास्तरांच्या तळहाताला झिणझिण्या आल्या होत्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा घाव कशावर तरी बसला होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी दांडका हातात घ्यायला नकार दिला. "तिथे कोणीतरी आहे, साहेब."

"कोणी नाहीये. हॉल रिकामा आहे, दिसतंय ना? एकच टेक द्या, मास्तर. तुमच्या भाचीला कायम केल्याची ऑर्डर आजच काढतो."

भाची मान खाली घालून कळफलकाशी चाळा करत राहिली. तिने 'कर' म्हटलं नाही, 'नको'ही म्हटलं नाही. मास्तरांनी दांडका उचलला.

एकच घाव ठरला होता.

दांडका खाली आला आणि काहीतरी काडकन मोडलं. मास्तरांनी हात मागे घेतला, तो आपसूक पुन्हा खाली गेला. मग पुन्हा. ओल्या गोणीवर आपटल्यासारखा आवाज येत होता. पायाशी काहीतरी दाराकडे सरपटत निघालं. त्यांचे पाय त्याच्या मागे गेले.

"मामा, थांब!"

थांबता येईना. खांदा त्यांचा होता, मूठही त्यांचीच होती.

चौथा. पाचवा.

बरगड्या. मग डोकं.

सातव्याला दांडका मुठीतच तुटला.

फरशी कोरडी होती. मास्तर भिंतीशी बसले आणि भडाभडा ओकले. पडद्यावरचा दुसरा सांगाडा हलत नव्हता.

सोमवारी ते राजीनामा घेऊन गेले तेव्हा भाची हॉलच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी होती. एक बाई टेपने तिची मापं घेत होती.

"मामा, कायम झाले! आणि आता मीही पोशाख घालणार. मार खाणारं कोणीतरी लागतंच ना!"

बाईने सांगितलेले आकडे पडद्यासमोरचा इंजिनियर भरत होता. त्याचा हात थांबला. "ही मापं आधीच आहेत यात. त्या दुसऱ्या सांगाड्याची. मिलिमीटरचासुद्धा फरक नाही."

"बघ," भाची हसली, "माझी जागा आधीपासूनच धरून ठेवलीय यांनी!"

मास्तर तिच्यापाशी धावले. "चल. आत्ताच्या आत्ता घरी चल." तिला खांद्याला धरून ओढावं म्हणून त्यांनी हात पुढे केला.

तिचा डावा हात झटकन वर गेला आणि डोक्यावर आडवा झाला.

भाची अजून हसतच होती. हात का वर गेला ते तिचं तिलाच कळत नव्हतं, आणि तो खालीही येत नव्हता.