पंचांच्या खुर्चीतून आलेला शब्द

माझा साडू कधीच खोटं बोलत नाही, असं मी म्हणणार नाही. पण तो खोटं बोलतो ते फायद्यासाठी. या प्रसंगात त्याला पदरचंच घालावं लागलं. म्हणून ही हकीकत मी खरी धरतो.

रविवार होता. भर दुपारचे दोन. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान आणि वर, दुसऱ्या मजल्यावर, पूलचा, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या खेळाचा, हॉल.

हॉल साडूच्या वडिलांचा. गावभर त्यांना पंच म्हणत. खेळाडू हमरीतुमरीवर आले की कोपऱ्यातल्या उंच खुर्चीतून ते निकाल द्यायचे. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते.

साडू आणि त्याचा धाकटा भाऊ त्या दुपारी एकच डाव खेळायला आले होते.

जो हरेल, त्याने आईला घरी न्यायचं.

हो. हरेल त्याने.

आई बाहेर जिन्याजवळच्या बाकावर बसली होती. मांडीवर कपड्यांची पिशवी. हॉल आवरायचाय, एवढंच तिला सांगितलं होतं.

"दादा, तुझ्याकडे तीन खोल्या आहेत," धाकटा म्हणाला.

"आणि तुझ्याकडे लिफ्ट आहे. तिचे गुडघे बघ जरा."

"तू माझ्या बायकोचं तोंड बघ जरा."

दोघंही हसले. आई दाराबाहेर आहे हे दोघांनाही माहीत होतं.

डाव सुरू झाला. साडूकडे पूर्ण रंगाचे चेंडू, धाकट्याकडे पट्टेवाले. पांढऱ्या चेंडूने टोलवत आपले सात संपवायचे आणि मग काळा, आठ नंबरचा, पाडायचा. जो पाडेल तो जिंकला.

पंचांच्या हॉलचा एक नियम होता. चेंडू पाडायचा नसेल, नुसती समोरच्याची वाट अडवायची असेल, तर फटक्याआधी मोठ्याने 'बचाव' म्हणायचं. म्हटलं की पाळी समोरच्याकडे जाणार. आणि बचाव म्हणून काळा पाडला, तर डाव गेला.

साडू बचावात पक्का. लग्नाच्या बैठकीतसुद्धा तो आधी दार बघून मग खुर्ची निवडतो!

त्याचा एकच चेंडू उरला, लाल. टेबलाच्या कोपऱ्यातल्या भोकाच्या, पॉकेटच्या, अगदी तोंडाशी. फुंकर मारली तरी पडेल असा. पण काळा पलीकडे दोन पट्टेवाल्यांच्या मागे अडकला होता. लाल पाडून पुढे काय? उलट तो तिथेच राहिला तर धाकट्याचं ते पॉकेट बंद.

त्याने लाल सोडला. पांढरा त्याला जेमतेम टेकवून काळ्याच्या आड लपवायचं ठरवलं. 'बचाव' मात्र म्हणाला नाही. चुकून लाल पडलाच तर पाळी हातची का घालवायची?

तो वाकला.

कुर्र... कुर्र...

क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला खडू घासल्याचा आवाज.

त्याने मान वर केली. धाकटा समोरच्या खिडकीपाशी पाण्याची बाटली तोंडाला लावून उभा होता. आणि खडू... हॉलमध्ये खडू नव्हताच. आल्यापासून दोघं शोधत होते.

तो पुन्हा वाकला.

"बचाव."

शब्द खुर्चीकडून आला. खोल, खरखरीत.

"कळलं," धाकट्याने बाटली खाली ठेवली. "ओरडतोस कशाला?"

साडूने बाटलीकडे पाहिलं. तोंडात पाणी असलेला माणूस बोलेल कसा? पण फटका मारून झाला होता. पांढरा काळ्याच्या आड जाऊन बसला.

धाकट्याला सरळ वाट नव्हती. त्याने पांढरा कडेवर आपटून वळवला. पण आपल्या पट्टेवाल्याऐवजी तो आधी काळ्यालाच लागला. फाउल. आणि काळा घरंगळत मधल्या पॉकेटसमोर येऊन थांबला. मोकळा.

आता पांढरा हवा तिथे ठेवायची मुभा साडूला होती. त्याने लाल पाडला. पांढरा काळ्याच्या सरळ रेषेत आला.

संपलं. शेंबड्या पोरानेही पाडला असता.

"आईची औषधं सकाळ-संध्याकाळ आहेत," साडू म्हणाला. "विसरू नकोस."

तो वाकला. खाली दुकानातली ठोकाठोक एकदम थांबली. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

खुर्ची करकरली...

हात मागे गेला होता. पुढे आला.

"बचाव."

काळा पॉकेटमध्ये पडला. तोही आवाज न करता.

"गेला डाव!" धाकटा ओरडला. "बचाव म्हणून आठ नंबर पाडलास!"

"मी नाही म्हणालो!"

"मग काय खुर्ची म्हणाली?"

साडू खुर्चीकडे बघेना.

दार उघडलं. आई उभी होती, हातात पिशवी.

"कोण हरलं तेवढं सांगा," ती म्हणाली. "म्हणजे मला कळेल, कुणाच्या गाडीत बसायचं ते."

शेवटी साडूने पिशवी घेतली.

याला चार वर्षं झाली. आई त्याच्याकडेच आहे. बाबांनी आपल्याला शिक्षा दिली की दोघांतला त्यातल्या त्यात बरा म्हणून निवडलं, हे त्याला उमगलेलं नाही. एकदा न राहवून त्याने धाकट्याला विचारलं, "खरं सांग. तो आवाज बाबांचाच होता ना?"

"दादा, मी तुझ्यासमोर उभा होतो. तुझे ओठ हलताना पाहिलेत मी. दोन्ही वेळा."

तेव्हापासून आई समोर आली की साडू तळहाताने तोंड दाबून बसतो. मी स्वतः पाहिलंय. ती विचारते, "दात दुखतोय का रे?"

तो नुसती मान हलवतो. हात काढत नाही.